सर्दी-ताप लांबला तर: प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटसाठी टप्प्याटप्प्याने

"पाच दिवस झाले, ताप उतरला, आता बरं आहे." प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटच्या घरी सर्वांत जास्त चूक या वाक्यात होते. धडधाकट माणसाच्या श्वासातून फ्लूचा विषाणू साधारण पाच ते सात दिवस बाहेर पडतो, कोविडचा दहाएक दिवस. किडनी किंवा लिव्हर प्रत्यारोपण झालेले, लिम्फोमा, ल्युकेमिया किंवा मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांचे पेशंट, बोन मॅरो प्रत्यारोपण झालेले, रिटुक्सिमॅब हे बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) घालवणारं औषध घेणारे, रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) दोन आठवड्यांहून अधिक काळ घेणारे, आणि सीडी४ (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी २०० च्या खाली गेलेले एचआयव्हीचे पेशंट यांच्यात तोच विषाणू कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

कारण सरळ आहे. रिटुक्सिमॅबमुळे बी पेशी जातात, त्यामुळे नव्या अँटिबॉडी तयार होत नाहीत. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट या प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे टी पेशी मंदावतात, त्यामुळे विषाणूने धरलेल्या पेशी मारल्या जात नाहीत. विषाणूवरच्या औषधाने विषाणू दबतो, ते औषध संपलं की उरलेला पुन्हा वाढतो. म्हणून लक्षणं जातात, येतात, परत जातात. इथे कॅलेंडर उपयोगाचं नाही, तपासणी आणि नोंदी उपयोगाच्या आहेत.

पुढचे टप्पे प्रौढ पेशंटसाठी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील, तर त्यांचेच धरा.

## टप्पा १: आजार यायच्या आधीची तयारी

ही तयारी एप्रिल-मेमध्ये करा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, लहान लाट थंडीत. जुलैत ताप आल्यावर फाईल शोधायला बसलात, तर पहिले दोन दिवस त्यातच जातात, आणि औषधाच्या दृष्टीने तेच दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात.

एका कागदावर, दोन्ही बाजूंनी न लिहिता, एवढंच लिहा: निदान आणि प्रत्यारोपणाची किंवा शेवटच्या केमोची तारीख; शेवटचं रिटुक्सिमॅब कधी झालं; रोजची औषधं, डोस आणि वेळेसह; शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पांढऱ्या पेशी, प्लेटलेट; टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची रक्तातली शेवटची पातळी; ॲलर्जी; घेतलेल्या लसी; आणि मूळ डॉक्टर किंवा कोऑर्डिनेटरचा रात्री लागणारा नंबर. या कागदाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवा. रात्री दोन वाजता जवळच्या नर्सिंग होमच्या कॅज्युअल्टीत बसलेला ड्युटी डॉक्टर तुमच्या पेशंटला पहिल्यांदा बघत असतो. त्याच्यासाठी हा कागद जाड फाईलपेक्षा जास्त कामाचा.

घरात या वस्तू असाव्यात: डिजिटल थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, वजनकाटा, व्हॉल्व्ह नसलेले एन९५ मास्क, कोविडची घरी करायची तीन-चार किट. व्हॉल्व्हचा मास्क पेशंटला देऊ नका; त्यातून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही. किटच्या खोक्यावर साठवणुकीचं तापमान लिहिलेलं असतं, बहुतेकांचं २ ते ३० अंश. मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवरच्या कपाटात पारा त्याच्या वर जातो. तिथे ठेवलेल्या किटवर विसंबू नका.

पेशंट बरा असतानाच आठवडाभर ताप, ऑक्सिजन, नाडी आणि वजन मोजून ठेवा. एखाद्याचा ऑक्सिजन नेहमीच ९६ असतो, एखाद्याचा ९९. नेहमीचा आकडा माहीत नसेल, तर घसरण कळणार नाही.

तपासा: खोलीत काळी बुरशी, भिंतीला ओल, बाल्कनीत कबुतरांची घाण आहे का? सिडकोच्या जुन्या इमारतींत ओल, तर घोडबंदर रोडच्या टॉवरांत कबुतरं आणि शेजारच्या बांधकामाची धूळ. बुरशीचे बीजाणू या पेशंटच्या फुप्फुसात रुजू शकतात, आणि कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतूनही बुरशी आणि फुप्फुसाची ॲलर्जी होते. सफाई पेशंटने करायची नाही, आणि ती चालू असताना त्याने घरातही थांबायचं नाही. बाल्कनी कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा.

## टप्पा २: पहिला दिवस, आणि त्यातला क्रम

नाक गळायला लागलं, घसा धरला, अंग मोडून आलं, की क्रम असा: मोजा, फोन करा, तपासणी करा, मग औषध. घरोघरी नेमकं उलटं होतं. आधी नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या, मग दोन दिवस वाट, मग तपासणी.

मोजा. पॅरासिटामॉल द्यायच्या आधी ताप मोजा. गोळीनंतर मोजलेला ९९ काहीच सांगत नाही. स्टेरॉइड चालू असेल, तर गंभीर संसर्गातही ताप चढत नाही. अशा वेळी ताप नाही ही बातमी चांगली समजायची नाही. थकवा, भूक मेलेली, नेहमीपेक्षा जलद श्वास याकडे बघा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मिनिटाला २४ पेक्षा जास्त असतील, तर थांबायचं नाही.

फोन करा. कुणाला? मूळ टीमला: प्रत्यारोपणाची, रक्तविकारांची किंवा कर्करोगाची. फॅमिली डॉक्टरांना कळवाच, पण त्यांच्यावरच थांबू नका. फोनवर "बरं नाही वाटत" असं न सांगता आकडे सांगा: "आज सकाळी सातला १००.८, ऑक्सिजन ९६, नेहमी ९८ असतो, कालपासून खोकला, शेवटचं केमो बारा दिवसांपूर्वी."

इशारा: केमो चालू असलेल्या पेशंटला एकदा १०१ फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ च्या वर ताप राहिला, तर सर्दीचाच असेल म्हणून घरी थांबू नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील, तर जिवाणूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. थेट हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८.

तपासणी. घरच्या कोविड किटची पट्टी किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने डस्टबिनमधून काढून पाहिलेली पुसट रेघ धरायची नाही. निगेटिव्ह आली तरी सुटका नाही. ४८ तासांनी पुन्हा करा, आणि दरम्यान पीसीआरची सोय बघा. या पेशंटसाठी फक्त कोविडची तपासणी अपुरी आहे. फ्लू ए आणि बी, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू), पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमो, ऱ्हायनो आणि ॲडेनो विषाणू एकाच स्वॅबमध्ये शोधणारं रेस्पिरेटरी पॅनल मागा. ते महाग असतं, हे खरं. सगळ्यांना परवडणार नसेल तर निदान कोविड, फ्लू आणि आरएसव्ही एवढं तरी करून घ्या, कारण फ्लू आणि कोविडवर औषध आहे आणि ते लवकर द्यावं लागतं.

घरी येऊन स्वॅब घेणारा असेल, तर दोन गोष्टी विचारा: नमुना द्रवाच्या ट्यूबमध्ये थंड पेटीतून जाणार का, आणि आजच लॅबला पोचणार का. ठाण्यातून घेतलेला स्वॅब दिवसभर बाइकच्या डिकीत फिरला, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही. प्लेटलेट कमी असतील, तर काडी नाकात घालण्याआधी तसं सांगा. रक्त थांबायला वेळ लागतो.

## टप्पा ३: औषधं. इथे घाई करायची नाही, आणि उशीरही

फ्लू असेल किंवा फ्लूचा दाट संशय असेल, तर ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं. ४८ तास उलटले म्हणून सोडून द्यायचं नाही. या पेशंटना उशिरा सुरू केल्यानेही फायदा होतो. नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनी कमी काम करत असेल तर डोस घटवावा लागतो, आणि प्रतिकारशक्ती खूपच कमी असेल तर डॉक्टर कोर्स लांबवतात. म्हणून शेजाऱ्यांचं उरलेलं पाकीट चालत नाही.

कोविडमध्ये निरमॅट्रेलविर-रिटोनाविर लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू करायचं असतं. पण टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस, एव्हरोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना हे औषध फार धोक्याचं आहे. त्यातलं रिटोनाविर यकृतातलं औषधं मोडणारं एक एन्झाइम रोखून धरतं, आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कित्येक पट चढते. परिणाम किडनीवर, हातांना कंप, गोंधळ, झटके. हे औषध द्यायचंच असेल, तर टॅक्रोलिमस कधी थांबवायचं, पुन्हा कधी सुरू करायचं आणि पातळी कोणत्या दिवशी तपासायची, हे प्रत्यारोपणाची टीमच लिहून देते. म्हणून बहुतेक वेळा तीन दिवसांचं रेमडेसिविर सलाइनमधून निवडलं जातं: पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस १००. ते सात दिवसांच्या आत सुरू व्हावं लागतं.

आता साध्या वाटणाऱ्या औषधांकडे या. प्रत्यक्षात जास्त नुकसान त्यांनीच होतं.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल या बुरशीवरच्या औषधांचंही तसंच. क्षयावरचं रिफॅम्पिसिन उलटं, पातळी पाडतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या टॅक्रोलिमसबरोबर घेतल्या की किडनीवर दुहेरी मार पडतो. अंगदुखीला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. सर्दीच्या तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, शिवाय नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन बीपी चढवतं. ती गोळी आणि वर वेगळं पॅरासिटामॉल घेतलं, तर डोस नकळत दुप्पट होतो.

लेव्होफ्लॉक्सासिन किंवा तसल्या कुठल्याही अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. वर लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंना अर्धवट दाबतं, खोकला थोडा कमी होतो, आणि क्षयाचं निदान आठवडेच्या आठवडे पुढे जातं. आपल्याकडे ही चूक परवडणारी नाही.

आता काढ्याबद्दल. यावर वाद घालायला कुणी तयार नसतं, कारण तो घरातल्या मोठ्या माणसाने प्रेमाने केलेला असतो. तरीही: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. त्यातही "प्रतिकारशक्ती वाढवणारं" म्हणून विकलं जाणारं काहीही प्रत्यारोपणाच्या पेशंटला नको. त्याची प्रतिकारशक्ती नव्या अवयवावर उठू नये म्हणून तर औषधं चालू आहेत. पपनस आणि ग्रेपफ्रूटही बंद ठेवा, तेही टॅक्रोलिमस वाढवतात. वाफ घ्यायची असेल तर भांडं टेबलावर पक्कं ठेवून, पेशंटजवळ कुणी तरी बसून. भाजण्याच्या घटना वाफेच्या पातेल्याने होतात, आणि अशा पेशंटची जखम सहज भरत नाही.

इशारा: "आधी आजार जाऊ दे, मग चालू करू" असं म्हणत रोजची औषधं स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर आजारपणात मायकोफेनोलेट कमी करतात किंवा थांबवतात, पण तो त्यांचा निर्णय. खूप दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं, तर बीपी कोसळून पेशंट बेशुद्ध पडू शकतो. दिवसातून एकदा घ्यायचं आणि दोनदा घ्यायचं टॅक्रोलिमस एकमेकांच्या जागी चालत नाही. मेडिकलवाल्याने "तेच आहे" म्हटलं तरी नाव जुळवून बघा.

जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची पातळी वाढते, हे फार थोड्यांना माहीत असतं. जुलाब सुरू झाल्याचं टीमला त्याच दिवशी कळवा. पातळीचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं. गोळी खिशात घेऊन लॅबमध्ये जा, रक्त दिल्यावर तिथेच घ्या. गोळी घेऊन दिलेल्या रक्ताचा आकडा फुगलेला येतो, आणि त्यावरून डोस चुकीचा कमी केला जातो.

## टप्पा ४: घरात वेगळं राहणं

वेगळी खोली असेल तर उत्तम. वन-बीएचकेत पेशंटला बेडरूम आणि बाकीच्यांना हॉल, वन-आरकेत मात्र सगळा भर मास्क आणि हवेवर.

एसी लावून दार-खिडकी बंद करणं ही सर्वांत मोठी चूक. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. पेशंटच्या खोलीची खिडकी उघडी, दार बंद. टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा, बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बुजवा, आणि हॉलची खिडकी उघडी ठेवा. म्हणजे ताजी हवा हॉलमधून खोलीकडे जाईल, खोलीतली बाहेर. पंखा लॉबीकडे किंवा शेजारच्यांच्या खिडकीसमोर हवा फेकत नाही ना, हे बघा. पाऊस तिरका येत असेल तर वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी वापरा. हेपा फिल्टरचं एअर प्युरिफायर असेल तर दिवसभर चालू, आणि त्यात आयोनायझरचं बटण असेल तर ते बंद.

खोलीत जाणाऱ्याने एन९५ लावायचा, पेशंटनेही. जेवण दारात ठेवून पळण्याची गरज नाही, पण खोलीत बसून गप्पा नकोत, त्या फोनवर.

हात साबणाने वीस सेकंद. सॅनिटायझरवर अवलंबून राहू नका: ऱ्हायनो आणि ॲडेनो विषाणूंवर अल्कोहोलचा जोर कमी पडतो. दाराची कडी, नळ, रिमोट रोज पुसा. पाच टक्क्यांचं ब्लीच एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, रोज ताजं. त्यात संडासाचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पुसताना पेशंट दुसऱ्या जागी, ब्लीचच्या वासाने खोकला उसळतो.

गणपतीत घरी माणसं येतातच. पेशंटची लक्षणं गेली असली तरी सुटकेची चाचणी (टप्पा ८) झाली नसेल, तर त्याने आरतीला खोलीतूनच हात जोडावेत. आणि येणाऱ्यांपैकी ज्याला शिंका आहेत, त्याला दारातच थांबवण्याचा वाईटपणा घरातल्या कर्त्या माणसाने घ्यायचा, पेशंटवर टाकायचा नाही.

## टप्पा ५: नोंदवही

शंभर पानी साधी वही. मोबाईलच्या ॲपपेक्षा वही बरी, कारण ती डॉक्टरांच्या टेबलावर उघडता येते. रोज सकाळी आणि रात्री, त्याच वेळी: ताप (पॅरासिटामॉलच्या आधी), ऑक्सिजन, नाडी, मिनिटाचे श्वास, खोकला कोरडा की कफाचा, कफाचा रंग, सकाळचं वजन, घेतलेलं प्रत्येक औषध वेळेसह. घरातल्या आणखी कोणाला लक्षणं आली, तर तारीख घालून तेही.

ऑक्सिमीटर बरोबर लावा: पाच मिनिटं शांत बसून, हात गरम, बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नाही, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबून. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जरा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून काठावरचा आकडा चांगला समजू नका.

दिवसातून एकदा सहा मिनिटं चालण्याची चाचणी. सपाट जमिनीवर, घरातच, जिन्यावर नाही. चालून झाल्यावर ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून जास्तने उतरला, तर लगेच फोन. बसूनच ९४ च्या खाली असेल, किंवा पेशंटला आधाराशिवाय चालता येत नसेल, तर ही चाचणी करायची नाही.

तपासा: बसून ९४ किंवा कमी, तर त्याच तासात टीमला फोन. ९० किंवा कमी, ओठ निळसर, बोलताना धाप, गुंगी, छातीत दुखणं, तर १०८.

## टप्पा ६: दहाव्या दिवसानंतर

बहुतेक घरं इथेच सैलावतात, आणि लांबलेला संसर्ग याच सुमारास उघडा पडायला लागतो. दहाव्या दिवशी वही उघडा आणि तीन प्रश्न विचारा. ताप पूर्ण जाऊन परत आला का? खोकला तसाच आहे की वाढतोय? चालल्यावरचा ऑक्सिजन पहिल्या आठवड्यापेक्षा खाली आहे का? एकाचंही उत्तर होय असेल, तर पुन्हा तपासणी. तिन्हींचं नाही असेल, तरी टप्पा ८ मधली चाचणी झाल्याशिवाय पेशंट मोकळा नाही.

पीसीआर पुन्हा करताना शक्यतो तीच लॅब घ्या. रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू (विषाणू सापडेपर्यंत मशीनला किती फेऱ्या लागल्या तो आकडा) दिली असेल तर ती नोंदवा. आकडा जितका लहान, तितका विषाणू जास्त, साधारण ३.३ ने कमी झाला की विषाणू दहापट. मात्र एका लॅबचा २४ आणि दुसऱ्या लॅबचा २८ यांची तुलना करू नका, मशीन आणि किट वेगळी असतात, स्वॅब घेणाऱ्याचा हातही वेगळा. एकाच लॅबमध्ये १८, २६, ३३ असा चढता आकडा आला तर विषाणू कमी होतोय. १८, २७ आणि मग पुन्हा १९ आला, तर तो परत वाढतोय, आणि हे टीमला त्याच दिवशी कळायला हवं.

इथे दोन उलट चुका होतात. पीसीआर मृत विषाणूचे तुकडेही पकडतो, त्यामुळे सीटी ३५ चा पुसट पॉझिटिव्ह बघून घाबरून औषधांचा मारा करायचा नाही. दुसरीकडे, नाकातला स्वॅब निगेटिव्ह आणि विषाणू फुप्फुसात खाली, असंही होतं. खोकला, ताप आणि घसरता ऑक्सिजन असताना नाकाचा एक निगेटिव्ह रिपोर्ट फडकवून फाईल बंद करू नका. डॉक्टर कफ तपासतील, एचआरसीटी (छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन) करतील, गरज पडली तर दुर्बिणीतून फुप्फुसाचं पाणी घेतील. साध्या एक्स-रेत, विशेषतः पांढऱ्या पेशी कमी असताना, फारसं काही दिसत नाही.

अँटिबॉडीची रक्तचाचणी या कामी येत नाही. रिटुक्सिमॅबवरच्या पेशंटला नव्या अँटिबॉडी जवळजवळ बनतच नाहीत.

## टप्पा ७: अजूनही पॉझिटिव्ह. डॉक्टरांना काय विचारायचं

दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला म्हणजे आपल्या देशात क्षयाची तपासणी, हा नियमच आहे; प्रतिकारशक्ती कमी असेल तर दोन आठवडेही थांबत नाहीत. विषाणू सापडला म्हणून क्षय नाही असं होत नाही, दोन्ही एकत्र राहतात. कफाचं सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाचे जंतू जनुकांवरून शोधणारी तपासणी) करा. त्याबरोबर न्यूमोसिस्टिस, ॲस्परजिलस (दोन्ही बुरशी) आणि सीएमव्ही (विषाणू) या तिघांबद्दल विचारा. चेहऱ्याची एक बाजू दुखणं, नाकातून काळपट स्राव, डोळा सुजणं असेल तर म्युकर या बुरशीचा संशय. तो त्याच दिवशी दाखवायचा. लघवीतून रक्त किंवा लांबलेले जुलाब असतील तर ॲडेनो विषाणू शरीरात पसरलाय का, हा प्रश्न विचारा.

मग विषाणूबद्दल. एकट्या ऑसेल्टामिविरवर आठवडेच्या आठवडे राहिलेला फ्लू त्या औषधाला निर्ढावू शकतो. हा बदल अशा पेशंटमध्येच जास्त दिसतो. "औषध चालू असूनही पॉझिटिव्ह आहे, तर प्रतिकार तपासायचा का, दुसरं औषध घ्यायचं का?" असं थेट विचारा. कोविड लांबला तर तज्ज्ञ कधी उपचार लांबवतात, कधी दोन औषधं एकत्र देतात. ठरलेली एकच रीत नाही, म्हणून संसर्गरोग तज्ज्ञाचं मत घ्या. हा जुनाच संसर्ग की नव्याने लागलेला, हे नुसत्या पीसीआरवरून कळत नाही, जनुकीय क्रम बघावा लागतो. दोन पॉझिटिव्हच्या मधे निगेटिव्ह आला असेल, तर नमुने जपून ठेवायला सांगा. आरएसव्ही आणि पॅराइन्फ्लुएन्झावर घरी देण्यासारखं खात्रीचं औषध नाही. तिथे आधाराचे उपचार, आणि मोठ्या केंद्रांत काही पेशंटना रिबाविरिन हे विषाणूविरोधी औषध.

आणखी एक रक्तचाचणी: इम्युनोग्लोब्युलिन जी, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटिबॉडींचं प्रमाण. रिटुक्सिमॅबनंतर ते फार खाली गेलं असेल, तर ते सलाइनमधून भरून देण्याचा विचार डॉक्टर करतात. आणि सर्वांत अवघड प्रश्न, जो पेशंटने नाही तर दोन डॉक्टरांनी (मूळ आजाराचे आणि संसर्गरोगाचे) मिळून सोडवायचा: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती कमी करता येतील, पुढचं केमो किंवा रिटुक्सिमॅब किती पुढे ढकलता येईल. तुमचं काम दोघांना एकमेकांचे रिपोर्ट वेळेवर पोचवणं.

हॉस्पिटलला जाताना आधी फोन करा: "पॉझिटिव्ह पेशंट आणतोय, कुठून आत यायचं?" खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलच्या) कर्करोग केंद्रात शेजारच्या खुर्चीवर बसलेलाही बोन मॅरोचाच पेशंट असतो. ओपीडीच्या रांगेत खोकत बसायचं नाही. ठाणे-पनवेल लोकल थेट खारघरला जाते, पण पॉझिटिव्ह पेशंटने गर्दीतून जायचं नाही. अंतर कमी असेल तर रिक्षा चांगली, दोन्ही बाजूंनी उघडी. लांबचं असेल तर टॅक्सी, काचा खाली, एसी बंद, पेशंट आणि चालक दोघांनाही मास्क, आणि चालकाला आधी सांगून.

## टप्पा ८: वेगळेपण कधी संपवायचं

कोविडसाठी वापरात असलेली पद्धत ही: औषधाशिवाय २४ तास ताप नाही, बाकीची लक्षणं स्पष्टपणे उतरलेली, आणि ४८ तासांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्या, अँटिजेन किंवा पीसीआर, दोन्ही निगेटिव्ह. एक निगेटिव्ह पुरत नाही. प्रतिकारशक्ती खूप कमी असेल तर २० दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतात. पीसीआर उंच सीटीवर आठवडेच्या आठवडे पुसट पॉझिटिव्ह राहिला, तर अँटिजेन निगेटिव्ह असताना मोकळं करायचं का हे डॉक्टर ठरवतील. अँटिजेनचा पॉझिटिव्ह मात्र जिवंत विषाणूकडे बोट दाखवतो.

फ्लू आणि आरएसव्हीसाठी इतकी बांधीव पद्धत नाही. तिथे टीमला विचारून तारीख घ्या, आणि तोवर वॉर्डात, केमोच्या डे-केअरमध्ये किंवा दुसऱ्या पेशंटच्या घरी जाऊ नका. सुटल्यावर दोन आठवडे वही चालू ठेवा. उलटण्याची पहिली खूण बहुधा चालल्यावरच्या ऑक्सिजनमध्ये दिसते.

## टप्पा ९: घरातल्यांच्या लसी

पेशंटला लस कमी लागू पडते, म्हणून भोवतालच्या माणसांनी घ्यायची. घरातल्या सगळ्यांना दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन, पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये. अँटिबॉडी तयार व्हायला दोनेक आठवडे जातात. पेशंटला फ्लूची इंजेक्शनवाली निष्क्रिय लस चालते, नाकात फवारायची जिवंत लस चालत नाही. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जिवाणूवरची) लसही विचारा. रिटुक्सिमॅबच्या डोसनंतर लगेच घेतलेली लस जवळजवळ वाया जाते. पुढच्या डोसच्या आधी किती आठवडे घ्यायची याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ती टप्पा १ च्या कागदावर टाका.